कानामागची बटणं

"तेल घालून घालून तूच त्याचा कान बिघडवलास!"

"आणि तुम्ही? दवाखान्यात न्या म्हटलं की तुमचा कोट आडवा येतो. आज याचा, उद्या त्याचा. पोराच्या कानाचंही माप घ्या की एकदा!"

हे भांडण काजताईने टेबलाखाली बसून ऐकलं. तेव्हा ती काजताई झाली नव्हती, नुसती ताई होती, परकर सावरायचं भान नसलेली पोर. बाप शिंपी. त्याच्या कापायच्या टेबलाखाली शिरायचं आणि लोहचुंबक फिरवून सांडलेल्या टाचण्या गोळा करायच्या, हे तिचं काम. धाकटा भाऊ बाळ्या तिच्या मांडीवर डोकं टाकून, वाहणारा डावा कान वर करून झोपला होता. वर आईबाप भांडत होते आणि खाली तिला त्यांचे पाय तेवढे दिसत होते. बापाचे जागच्या जागी रोवलेले, आईचे दारापर्यंत जाऊन परत येणारे.

चूक कुणाची, ते काही ठरलं नाही. भांडण दमलं तेव्हा बापाने कोट पुरा केला, आईने पुन्हा तेल कोमट केलं, आणि कान वाहायचा तो वाहतच राहिला. ताईने त्या दिवसापासून कापसाच्या वाती वळून तो कान कोरडा करायचं काम अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. भांडणाऱ्यांच्या हातात वात कुठून येणार, म्हणून तिने घेतली.

बाळ्या मोठा झाला, बापाच्या खुर्चीत बसला, मास्तर झाला. पण ताईला तो बाळ्याच. डोक्याला टक्कल पडलेला, चष्मा कपाळावर ढकललेला माणूस गिऱ्हाइकाचं माप घेतोय आणि आतून हाक येतेय, "बाळ्या, वात बदलायची राहिली रे!" गिऱ्हाईक हसायचं. मास्तरही हसायचा, पण अर्ध्याच तोंडाने. कारण डाव्या कानाने ऐकू येत नसल्यामुळे गिऱ्हाईक नेहमी उजव्या बाजूला उभं राहायचं. बोलायचं उजवीकडे, म्हणून टाचण्या धरायच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात. सात-आठ टाचण्या ओठात असायच्या आणि उजव्या कोपऱ्यातून गप्पा चाललेल्या. नवा माणूस घाबरायचा.

"मास्तर, गिळाल एखादी!"

"गिळली तर पोटाला टाका पडेल, आणखी काय."

मास्तर कापायचा, मशीन मारायचा. काजं, बटणं, हातशिलाई आणि कपडा घरपोच करणं ताईकडे. सगळी गल्ली तिला काजताई म्हणू लागली ती त्यामुळे. तिचं लग्न एकदा ठरलं होतं आणि मोडलंही. का मोडलं असं कुणी विचारलं तर म्हणायची, "बघायला आला तेव्हा त्याच्या कोटाची बटणं वाकडी होती. जन्मभर समोर बघायचं कसं?" खरं कारण तिने सांगितलं नाही, आणि नंतर विचारणारं माणूसही उरलं नाही. मास्तरची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. मग त्या दोन खोल्यांत ही दोघं, पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, आणि दोन्हीकडे दोऱ्याचे तुकडे.

कपडा पोचवायची काजताईची एक रीत होती. कपडा हँगरवर घालून हातभर लांब धरून न्यायचा. दारात नुसता देऊन परत फिरायचं नाही. गिऱ्हाइकाला तो तिच्यासमोर घालायला लावायचा, बटणं लावायला लावायची, "हात वर करा, आता खाली" म्हणायचं. मग खडूची एखादी खूण राहिली असेल तर बोटाने झाडून टाकायची. खूण अंगावर ठेवून कपडा देणं म्हणजे पोराचं नाक न पुसता त्याला शाळेत पाठवणं, असं ती म्हणायची. आणि निघताना न विसरता: "हँगर तेवढा परत द्या." हँगरसाठी तिने गल्लीतल्या भल्याभल्यांशी वैर घेतलं होतं.

कानाचं एक ऑपरेशन मास्तर तरणा असताना झालं होतं. मग बरीच वर्षं कान गप्प बसला. आणि म्हातारपणी पुन्हा उठला. आधी घाण वास, मग चक्कर. एकदा मशीनवर बसल्या बसल्या मास्तर कलंडला आणि अस्तराची टीप भिंतीच्या दिशेने गेली. काजताईने मशीन बंद केलं, त्याला चपला घातल्या आणि दवाखान्यात नेलं. या वेळी कुठला कोट आडवा येऊ दिला नाही.

कानाची डॉक्टरीण वयाने लहान, पण समजावून सांगणारी. तिने प्लास्टिकचा एक कान उघडून दोघांपुढे ठेवला.

"हे बघा आजी. कानाच्या मागच्या हाडात रोग आहे. हाड कुरतडत आत चाललाय, तो काढायलाच हवा. अडचण अशी, की ह्याच हाडातून चेहरा हलवणारी नस जाते. दोऱ्याएवढी. तिला धक्का लागला तर डोळा मिटणार नाही, ओठ एका बाजूने पडेल."

"कुठल्या बाजूने?" काजताईने विचारलं.

"डाव्या."

काजताईने भावाच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. जन्मभराच्या टाचण्यांनी तिथे एक बारीक खळी पडली होती.

"एरवी आम्हाला आतल्या खाणाखुणांवरून नस कुठे आहे ते कळतं," डॉक्टरीण म्हणाली. "ह्यांच्या पहिल्या ऑपरेशनमध्ये त्या खुणाच गेल्यात. म्हणून यंत्र वापरायचं. आदल्या दिवशी डोक्याचं चित्र काढायचं, आतल्या हाडांसकट. मग ऑपरेशन करताना माझ्या हातातल्या हत्याराचं टोक कुठे आहे ते पडद्यावर त्या चित्रात दिसत राहतं. नस किती जवळ आली ते समजतं. कापते मीच, पण आंधळेपणाने नाही."

"म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवताना कुणीतरी दिवा धरावा तसं," मास्तर म्हणाला.

"अगदी तसं. फक्त हा दिवा आम्ही आणि दुसरा एक दवाखाना मिळून वापरतो. पाळीपाळीने येतो."

पाळी आली. मास्तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात दाखल झाला. चित्र काढायच्या खोलीबाहेर अंगावरचा धातू काढून ठेवायला सांगितलं, तर मास्तरने कॉलरमधून टाचण्या काढल्या, मग बाहीतून, मग खिशाच्या शिवणीतून.

"मास्तर, अजून किती?" तिथला माणूस म्हणाला.

"मला काय ठाऊक? आत घालून बघा, दिसतीलच."

चित्र काढण्याआधी डॉक्टरीण आली आणि तिने त्याच्या कपाळावर, कानशिलावर आणि डाव्या कानामागे टिकल्या चिकटवल्या. गोल, जाड, मधे भोक असलेल्या. प्रत्येक टिकलीभोवती पेनाने गोल काढला. आणि नीट बजावलं, "यांना पाणी लावायचं नाही आणि हात लावायचा नाही. या टिकल्या चित्रात उमटतात. उद्या मी हत्याराचं टोक एकेका टिकलीवर टेकवून यंत्राला सांगणार, की चित्रातली ही ती टिकली. त्यावरून यंत्र चित्र आणि माणूस एकमेकांवर बसवतं. टिकली सरकली तर सगळं सरकलं."

"कागदाचं कटिंग कापडावर टाचतो आम्ही. टाचणी सरकली की बाही भलतीकडे जाते," मास्तर म्हणाला. त्याला बरोबर समजलं होतं.

काजताई त्या वेळी तिथे नव्हती. वॉर्डात वरकाम करणाऱ्या मामांच्या शर्टाचं बटण लोंबताना तिने पाहिलं होतं आणि ते बघून तिला बसवेना. मामांना व्हरांड्यात उभं करून, पिशवीतली सुई काढून, ती बटण लावत होती. परत आली तेव्हा डॉक्टरीण गेली होती आणि चित्रही काढून झालं होतं.

"काय म्हणाल्या?"

"पाणी लावायचं नाही म्हणाल्या."

"आणि?"

"आणि काय, आपल्यासारखंच त्यांचंही कटिंगचं काम. फार हुशार बाई आहेत." मास्तर दमला होता. डोळे मिटून पडला.

सकाळी उजाडलं तेव्हा काजताई त्याच्या उशाशी स्टुलावर बसली होती. मास्तर उजव्या कुशीवर, बरा कान उशीत खुपसून गाढ झोपला होता. कानामागच्या टिकल्यांपैकी दोन उशीवर पडल्या होत्या. तिसरी एका कडेने सुटली होती. घामाने असेल, नाहीतर तिनेच रोज डोक्याला चोळलेल्या तेलाने.

काजताईने टिकली उचलून पाहिली. मागचा गोंद अजून धरत होता. एवढ्या महागाच्या दवाखान्यात बटणं अशी लावतात, हे तिच्या मनात आल्यावाचून राहिलं नाही. बरं, लावलेली तरी कशी? एक वर, एक खाली, एक पार केसांत शिरलेली. पेनाचे गोल होते खरे, पण ते तिला कच्च्या खुणांसारखे वाटले, घाईत खडूने मारतात तशा. पाणी लावायचं नाही, हे तिने कटाक्षाने पाळलं. बोटाने दाबून दोन्ही टिकल्या लावल्या. तिसरी सोडवून त्यांच्या ओळीत घेतली. अंगठ्याने अंतर मोजलं. सारखं आलं. मग पिशवीतल्या तेलाचं बोट रुमालाला लावून पेनाच्या खुणा हळूच पुसून टाकल्या. तयार काम अंगावर खुणा ठेवून द्यायचं नाही, ही घरची शिस्त.

मास्तरला जाग आली नाही. थोड्या वेळाने त्याला गाडीवर घालून नेलं. दारातून आत जाताना तो म्हणाला, "ताई, चौकातल्या घड्याळवाल्याच्या कोटाला काजं करून ठेव. मी आलो की अस्तर लावतो."

काजताई बाकावर बसली. मामांनी चहा आणून दिला. ती एक घोट घेते न घेते तोच आतलं दार उघडलं आणि डॉक्टरीण स्वतः बाहेर आली. तोंडावरचं फडकं खाली ओढलेलं.

"आजी, कानामागच्या टिकल्यांना कुणी हात लावला होता का?"

"मीच." काजताई उभी राहिली. "पडल्या होत्या हो. लावल्या नीट. वाकड्या होत्या, त्या ओळीत घेतल्या."

डॉक्टरिणीने हातातले मोजे उतरवले. त्यावरून काजताईला कळलं. काय ते कळलं नाही, पण फार मोठं काहीतरी आहे एवढं कळलं. हातातला चहा सांडू नये म्हणून तिने कप बाकावर ठेवला.

"त्या मुद्दाम वाकड्या लावल्या होत्या, आजी," डॉक्टरीण म्हणाली. तिने सगळं पुन्हा सांगितलं, आवाज न चढवता. टिकल्यांवर हत्यार टेकवून पाहिलं तर यंत्र जमत नाही म्हणतंय. कानाच्या कडेला टोक लावलं तर पडद्यावर ते भलतीकडे दिसतंय. नस आहे दोऱ्याएवढी, आणि चूक त्याच्या कितीतरी पट. "काही टिकल्या जागेवर आहेत, पण सगळ्या कपाळाकडच्या. काम कानामागे. तेवढ्यावर मी आत जाणार नाही. ह्यांना उठवावं लागेल."

"मग पुन्हा चित्र काढा. आत्ता. मी हात बांधून बसते."

"ह्यांना उठवून, चित्र काढून, पुन्हा भूल देईपर्यंत रात्र होईल, आणि यंत्र आज संध्याकाळीच दुसऱ्या दवाखान्यात जातंय. तिकडच्या तारखा दिलेल्या आहेत. पुढची पाळी मिळेल, काही आठवड्यांनी."

"तोवर?"

"तोवर औषध देऊ. लक्ष ठेवू."

एवढं शिकलेली बाई लक्ष ठेवू म्हणते, म्हणजे हातात दुसरं काही नाही, हे काजताईला पुरतं उमगलं. तिने टिकल्यांच्या जागा बोटाने दाखवायचा प्रयत्न केला. "ही इथे होती, ही जरा अशी..." डॉक्टरिणीने तिचं बोट हातात धरलं आणि खाली केलं.

मास्तर शुद्धीवर आला. डोक्याला चीर नाही, पट्टी नाही. "झालं?" म्हणाला.

"नाही झालं," काजताई म्हणाली, आणि का ते सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. मास्तरने कानामागे बोट नेऊन चाचपलं.

"ओळीत आल्या होत्या का पण?"

"बाळ्या, थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही. विचारतोय."

"आल्या होत्या," ती म्हणाली आणि तोंडावर पदर धरला.

घरी आल्यावर काजताईने रोज सकाळी एक नवं काम लावून घेतलं. मास्तर चूळ भरून आला की म्हणायची, "शिट्टी वाजव." तो वाजवायचा. "डोळा मीट." मिटायचा. "टाचण्या धर." धरायचा, आणि धरलेल्या टाचण्यांतून म्हणायचा, "हलवायला शेपूट नाही, नाहीतर तीही हलवली असती." ती हसायची नाही. तारखेची वाट बघायची, दुसरं करायला होतं काय? डॉक्टरिणीने दिलेले थेंब घालायचे, वात बदलायची. दवाखान्यात फोन लावला तर पलीकडची मुलगी रोज तेच सांगायची, "तारीख आली की आम्ही कळवू, आजी."

एक दिवस मास्तर घड्याळवाल्याच्या कोटाची बाही टाचत होता. काजताई पलीकडे काज भरत होती. जमिनीवर टाचणी पडल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग तिसरी.

"काय चाललंय तुझं? लहान आहेस का?" ती मान वर न करता म्हणाली.

चौथी पडली. तिने पाहिलं. मास्तर नवी टाचणी ओठांत ठेवत होता आणि ती निसटून पडत होती. तो पुन्हा ठेवत होता. त्याच्या तोंडाचा डावा कोपरा कुणीतरी टीप उसवल्यासारखा खाली आला होता. डावा डोळा उघडा तो उघडाच.

"शिट्टी वाजव," काजताई म्हणाली.

त्याने ओठ गोळा करायचा प्रयत्न केला. वारा गेला नुसता.

तिने टेबलाखाली वाकून लोहचुंबक फिरवलं आणि टाचण्या उचलल्या. गुडघे दुखत होते, तरी उठायला तिने उगीचच वेळ लावला.

त्या दिवशी दवाखान्याने तारखेचं कारण सांगितलं नाही. डॉक्टरिणीने दुसऱ्या दवाखान्याशी भांडून यंत्र मागवून घेतलं. टिकल्या लागल्या, गोल काढले, चित्र निघालं. वॉर्डातल्या मामांनी स्वतःहून मास्तरच्या उशाशी खुर्ची टाकली आणि म्हणाले, "आजी, तुम्ही तिकडे बसा. दिसतील तुम्हाला, पण हात पोचणार नाही." काजताई तिकडे बसली, दोन्ही हात मांडीखाली दाबून. हात बधिर झाले तरी काढले नाहीत.

या वेळी आतलं दार लवकर उघडलं नाही. उघडलं तेव्हा डॉक्टरिणीच्या कपाळावर टोपीचा वळ होता.

"रोग काढला. सगळा. शेवटचा तुकडा अगदी नसेला टेकून होता. पडद्यावर दिसत होतं म्हणून मी तिथपर्यंत जाऊ शकले, आणि नसेला धक्का न लावता परत आले. यंत्राने त्याचं काम चोख केलं, आजी."

"मग ओठ?"

"नस ऑपरेशनआधीच दबली होती, रोगाने. आता मोकळी केली आहे. कदाचित परत हलेल. वर्ष लागेल."

"आणि कदाचित?"

"कदाचित नाही."

"तेव्हाच झालं असतं, पहिल्या वेळी, तर?"

डॉक्टरिणीने बाकाच्या कडेवर बसून तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं की नाही ते ठरवत असावी. "तेव्हा नस चालत होती," ती म्हणाली. "तेव्हा झालं असतं तर बहुतेक वाचली असती." काजताईला ते बरं वाटलं. म्हणजे बरं नाही, पण कुणीतरी तिला सरळ हिशोब दिला. आईबापांना तोही मिळाला नव्हता.

घरी मास्तरच्या डोळ्याला रात्री चिकटपट्टी, दिवसा थेंब. डोळ्यातून सारखं पाणी. सुईचं टोक एकाचं दोन दिसायचं. काजताईने त्याच्या मनगटाला बांधायची टाचण्यांची गादी शिवून दिली, कापूस दाबून भरून, हिरव्या अस्तराची. तो ती बांधायचा. पण हात टाचणी घेऊन तोंडाकडेच जायचा. सवयीला कोण समजावणार? टाचण्या पडायच्या, ती उचलायची.

एकदा तिला असह्य झालं. "बाळ्या, बोल ना मला. भांड. आईबाप भांडायचे तसं भांड. माझ्यामुळे झालं म्हण."

"भांडायला ओठ दोन्ही बाजूंनी लागतात," मास्तर म्हणाला. प आणि ब त्याला नीट जमत नव्हते, हळू बोलत होता. "आणि अर्धी चूक माझी. मी पाणी तेवढं सांगितलं."

"अर्ध्यात काय होतंय?"

"काहीच नाही होत," तो म्हणाला. "तेच म्हणतोय."

 बाहेर कुणीतरी पॅन्ट लांडी करायला घेऊन आलं होतं. मास्तरने हातानेच नाही म्हणून सांगितलं. ते दुकानाने परत पाठवलेलं पहिलं काम. त्यानंतर नवं काही घेतलं नाही.

हातातलं एकच उरलं होतं, घड्याळवाल्याचा कोट. मास्तरने तो डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून, मशीन न वापरता, हाताने पुरा केला. अस्तर लावलं, कॉलर बसवली. काजताईने बटणं लावली. लावताना प्रत्येक बटण काजासमोर धरून पाहिलं, नको तितक्या वेळा. मास्तरने शेवटची इस्त्री फिरवली, दार अर्धं ओढून घेतलं आणि टेप गुंडाळून खणात ठेवली.

"मी जाऊन येते," ती म्हणाली.

"ये."

काजताईने कोट हँगरवर घातला, हातभर लांब धरला आणि चौकातल्या घड्याळाच्या दुकानात गेली. घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून बसला होता. तिने त्याला उठवलं, कोट घालायला लावला, बटणं लावायला लावली. "हात वर करा. आता खाली. वळा." मागच्या शिवणीवर खडूची एक पुसट रेघ राहिली होती. काजताईचं बोट रेघेकडे गेलं आणि मधेच थांबलं.

"काय झालं, काजताई? घट्ट आहे का?"

"नाही हो," ती म्हणाली, आणि रेघ झाडून टाकली.

"फक्कड झालाय! मास्तरना सांगा, पुढच्या महिन्यात पॅन्टचं कापड आणून टाकतो."

"सांगते."

घड्याळवाल्याने कोट उतरवला, खुंटीला लावला आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावलं. काजताई दारातच उभी होती.

"अजून काही?"

"हँगर तेवढा परत द्या," ती म्हणाली. त्याने दिला. तिने तो कोपरात अडकवला आणि घरी निघाली.